माळ्यावरच्या सोळा कॅसेटी आणि मुस्तफाला जिवंत ठेवणारी माणसं

गण्या_पंचवटीवाला | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

पंचवटीतला आमचा वाडा पाडायला दिलाय, त्यामुळे गेले दोन रविवार माळा उपसणं चालू आहे. पितळी घंगाळ, आजोबांच्या विम्याच्या पावत्या, एक पाय नसलेला पाट, हे सगळं निघणार हे माहीतच होतं. बुटांचं खोकं मात्र विसरलो होतो. उघडलं तर आत सोळा कॅसेटी. गाण्यांच्या नव्हेत, टीव्ही गेमच्या. पिवळ्या, काळ्या, एक राखाडी. वर '९९९९९९९ इन १' छापलेलं आणि आत मोजून आठ-दहा गेम, त्या!

मशीन नाही. आईने ते जुन्या साड्यांबरोबर बोहारणीच्या गळ्यात मारलं आणि स्टीलचा डबा घेतला. डबा अजून आहे, त्यात पोहे असतात.

कॅसेटी फेकवेनात, म्हणून नेटवर जरा शोधायला बसलो तर रात्रीचे अडीच वाजले. इम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, ही फुकट खेळायची पळवाट, अशी माझी इतकी वर्षं समजूत. पण मॅम नावाचा प्रकल्प बघा. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७च्या फेब्रुवारीत पहिली आवृत्ती काढली, पॅकमॅन आणि तसल्याच मोजक्या मशीनपुरती. आज त्यात हजारो मशीन आहेत. आणि ते लोक म्हणतात, आम्ही यंत्र आतून कसं चालतं याची नोंद करतोय. गेम नीट खेळता आला तर आमची नोंद बरोबर आहे, एवढंच त्यातून कळतं. खेळायला मिळतं ते वरकड.

आता मुस्तफा, म्हणजे पार्लरमधला मारामारीचा गेम. शालिमारच्या मागे एका बोळात पार्लर होतं, आत कायम बिडीचा वास. तिथे मी दप्तरासकट उभा असायचो. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. नाशकात ते नाव कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. मूळ मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून केलेला, म्हणजे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत, आणि घरच्या मशीनवर तो कधी आलाच नाही. दुकानात जाऊन रीतसर पैसे मोजायची तयारी असली तरी कोणी विकत देणार नाही. पार्लर गेलं, तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. मुस्तफा उरला तो फक्त या इम्युलेटरवाल्यांमुळे.

तर दोन प्रश्न. कॅसेटींचं काय करू? आणि या लोकांबद्दल आपल्याकडे कोणीच कसं बोलत नाही?

तर्रीबाज | शनिवार, रात्री १०:३१

मी पहिला!

जिव्हाळ्याचा विषय. आमच्या सिडकोत एकजण एका टोकनात मुस्तफा संपवायचा, त्याच्या मागे वीस पोरं उभी. हल्ली इन्शुरन्स विकतो. फोन आला की मी अजून उचलतो, त्या आदरापोटी.

बोर्डवाला | शनिवार, रात्री ११:४८

गण्याशेठ, कॅसेटी फेकायच्या नाहीत आणि फुंकायच्याही नाहीत. आपण सगळ्यांनी लहानपणी फुंकर मारून मारून त्यांच्या पट्ट्यांना थुंकी पाजली आहे, ती गंजते. उन्हात ठेवू नका. माझ्याकडे घेऊन या, बघू.

मुस्तफावरून आठवलं. मी अंबडला पॅनेल दुरुस्ती करतो. वीसेक वर्षांपूर्वी एका पार्लरवाल्याने गाळा खाली करताना दोन बोर्ड, म्हणजे गेमच्या मशीनमधली सर्किटं, माझ्या टेबलावर आणून टाकले. एक सुपर स्ट्रीट फायटर २चा, अस्सल, कुठून आला देव जाणे. दुसरा मुस्तफा, सरळ सरळ नकली. अस्सल बोर्ड मेलेला. सप्लाय बरोबर, ट्रॅक शाबूत, जळका वास नाही. दोन महिने डोकं आपटलं.

कारण निघालं बॅटरी. कॅपकॉमने नकली बोर्डांना आळा घालायला सीपीएस-२ बोर्डातला प्रोग्रॅम कुलपात टाकला आणि किल्ली ठेवली बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये. बॅटरी संपली की किल्ली पुसली. नवी टाकून उपयोग नाही, किल्ली आणणार कुठून? या धंद्यात तिला आत्महत्येची बॅटरी म्हणतात. मुस्तफाच्या अस्सल बोर्डातही आवाज सांभाळणारा काबुकी नावाचा प्रोसेसर आहे, त्याची किल्लीसुद्धा बॅटरीवरच. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं अस्सल यंत्र एक ना एक दिवस मरणार, हे कारखान्यातून निघतानाच ठरलेलं.

सीपीएस-२चं कुलूप शेवटी हौशी पोरांनी फोडलं. २००१ मध्ये उलगडलेला डाटा बाहेर काढायची युक्ती सापडली, २००७ मध्ये कुलपाचं पूर्ण गणित सुटलं, त्यात साल्मोरियाचाही हात होता. त्याच कामाच्या जिवावर मेलेले बोर्ड आज पुन्हा उभे राहतात. माझाही राहिला.

आणि नकली मुस्तफा? त्यात ती बॅटरीच नाही. तो आजही चालू आहे. आवाज भसाडा, पण चालू. मॅमच्या यादीत अशा नकली मुस्तफाचीसुद्धा स्वतंत्र नोंद आहे, त्यात आवाजाच्या मूळ व्यवस्थेऐवजी पीआयसी १६सी५७ चिप. कॅपकॉम कशाला जपेल हो ती? पण आपण ऐकलेला मुस्तफा तोच भसाडा.

रविवार_कारंजा | रविवार, सकाळी ७:५५

वाचनखूण साठवली. मिसळ खाऊन येतो, मग सविस्तर.

हिशोबी | रविवार, सकाळी ९:२०

भावना पोचल्या, पण शब्द फार मोठे वापरताय. बहुतेक लोक इम्युलेटर उतरवतात ते फुकट खेळायला, आणि हे तुम्हालाही माहीत आहे. कंपनीने पैसे घातले, माणसं राबवली. २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच मशीनचा इम्युलेटर काढणाऱ्या युझूवाल्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर कबूल करून गाशा गुंडाळला, तो उगाच का?

गण्या_पंचवटीवाला | रविवार, सकाळी १०:०५

@हिशोबी, युझूसाठी मी टिपं गाळणार नाही. दुकानात विकायला असलेल्या मशीनचे गेम होते ते, तिथे तुमचं म्हणणं मान्य. मी बोलतोय ते दुकानात नसलेल्यांबद्दल. व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अमेरिकेतला आढावा घेतला. तिथे २०१०च्या आधी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळतच नाहीत. ही अमेरिकेची गत, जिथे त्यांचा रीतसर बाजार होता. आपल्याकडे तर मीडिया काय, लिटल मास्टर काय, सगळ्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनच्या नकला. आपल्या बालपणाला मालकच नाही. ते पुन्हा बाजारात आणायला कोण येणार?

आणि कंपन्यांचं म्हणाल तर सोनीने २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक नावाचा छोटा डबा विकला. त्यात गेम कशावर चालत होते? पीसीएसएक्स रीआर्म्डवर. हौशी लोकांनी लिहिलेला, कोणालाही खुला असलेला इम्युलेटर.

हिशोबी | रविवार, सकाळी १०:१८

सोनीचं माहीत नव्हतं. भारीच आहे. बाकी मुद्दा कायम.

निशिगंधा | रविवार, दुपारी १:४०

कॅसेटींतलं मला काही कळत नाही. आमच्या घरी टीव्ही गेम भावाला आणला होता, मला भातुकली. मी खेळले ती कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत, ब्राउझरमधले फ्लॅशचे गेम. क्लासची फी देऊन उरलेल्या सुट्ट्या पैशांत अर्धा तास. बाहुलीला कपडे घालायचे, पिझ्झा वाढायचा, मेकअप करायचा.

३१ डिसेंबर २०२०ला अ‍ॅडोबीने फ्लॅशला निरोप दिला आणि ते सगळं एका रात्रीत दिसेनासं झालं. कॅसेट निदान माळ्यावर तरी सापडते. माझे गेम कुठल्या माळ्यावर शोधू?

फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पात सापडले. ते लोक २०१८पासूनच कामाला लागले होते, साइट बंद पडायच्या आत फायली उतरवून ठेवत होते. लाखाच्या वर गेम आहेत त्यांच्याकडे. मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. थोर गेमांच्या यादीत माझे पिझ्झा-मेकअपचे गेम कोणीही घेतले नसते, पण यांनी थोर कोण आणि फालतू कोण हे ठरवलंच नाही. दिसेल ते उचललं. एखाद्या संग्रहालयाने बाहुलीचे कपडे इतक्या इमानाने जपले असते का, शंकाच आहे.

तर्रीबाज | रविवार, दुपारी १:५२

+१. (भावाचं कॉन्ट्रा कधीच खेळलात नाही? खरं सांगा.)

निशिगंधा | रविवार, दुपारी १:५८

दुसरा रिमोट मिळायचा. तो मशीनला जोडलेला नसायचा, हे मला चौथीत कळलं.

रविवार_कारंजा | रविवार, दुपारी ४:१०

आलो. मला तर फाळके आठवले. त्र्यंबकला जन्मलेला माणूस १९१३ साली राजा हरिश्चंद्र काढतो, आणि आज त्याचीही सगळी रिळं आपल्यापाशी नाहीत, काही भागच उरलाय. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभं राहिलं १९६४ साली, तोवर कितीतरी मूकपट वितळून गेले. नायट्रेटच्या रिळांतून चांदी काढायला लोक ती विकायचे. खेळांच्या बाबतीत ही पन्नास वर्षं वाया गेली नाहीत, कारण सरकारची वाट न बघता पोरंच कामाला लागली.

अनुस्वार | रविवार, सायंकाळी ६:३३

तुलना आवडली, पण एका जागी ताणली जाते. सिनेमाचं रीळ उजेडाला धरलं तरी चित्र दिसतं. गेमची फाइल हातात धरून काय दिसणार? तिला तेच यंत्र लागतं, त्याच तालात चालणारं. जुने इम्युलेटर याबाबतीत थापा मारायचे. लोकप्रिय गेम चालले पाहिजेत म्हणून एकेका गेमसाठी वेगळं ठिगळ. मग सुपर निन्टेन्डोसाठी बीएसएनईएस लिहिणारा बायू आला. त्याचा हट्ट असा की ठिगळ नको, मूळ चिप प्रत्येक टिकटिकीला जे करते तेच झालं पाहिजे. २०११ मध्ये त्याने लिहिलं होतं की अशी तंतोतंत नक्कल करायला ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर लागतो. मूळ यंत्र चारच मेगाहर्ट्‌झच्या आतबाहेरचं! काही कॅसेटींतल्या जादा चिप तर आम्लात बुडवून, वरचं कवच काढून, सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्या. खर्च लोकांनी वर्गणी काढून केला, गणपतीसारखा.

अवांतर: डक हंटची बंदूक कोणाकडे असेल तर तीही ठेवा, पण एलसीडी टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदुकीच्या नळीतला सेन्सर टिपतो. हे सगळं जुन्या नळीच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. आमच्या घरचा तो टीव्ही भंगारवाल्याने नुसता उचलून न्यायचेही पैसे मागितले होते. आता शोधतोय.

कोर्टाची_पायरी | रविवार, रात्री ९:१५

कायद्याचं कोणी बोलेना म्हणून मी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. पोटकलम (१)(एए)नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे, त्याला ती नष्ट होईल या भीतीने राखीव प्रत काढता येते. गण्याभाऊंच्या कॅसेटीच मुळात नकली, म्हणजे 'कायदेशीर' या शब्दावरच घोडं अडलं.

दुसरी गंमत २०१२च्या दुरुस्तीतली. कलम ५२(१)(एन) बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देतं, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून हवी. आपल्या सार्वजनिक वाचनालयाला (स्थापना १८४०, उगीच अभिमान म्हणून सांगते) जुनं पुस्तक स्कॅन करता येईल. गेम जन्मतःच डिजिटल, त्याची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून? कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गेम नव्हताच.

तिकडेही आनंदच आहे. अमेरिकेत ग्रंथालयांनी बाजारातून गेलेले गेम अभ्यासकांना घरबसल्या दाखवायची परवानगी मागितली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. १९८५चा सुपर मारिओ तिथे २०८० संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये. तोवर मूळ चिप राहतील का, ते बोर्डवाल्यांना विचारा.

बोर्डवाला | रविवार, रात्री ९:२२

सगळ्या नाही.

संपादक | रविवार, रात्री ९:३०

धागा छान चाललाय. गेमच्या फायलींच्या लिंका देऊ नयेत, दोन प्रतिसाद उडवले आहेत.

गण्या_पंचवटीवाला | पुढचा रविवार, रात्री ११:०५

धागा वर काढतोय. आज बोर्डवाल्यांकडे जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

सोळापैकी पहिली उघडली ती राखाडी, तिच्यावर स्टिकरच नाही. मागचा एक स्क्रू काढला. मला वाटलं आत खच्चून चिप भरलेल्या असतील. आत हिरवी छोटी पट्टी आणि मधोमध एक काळा थेंब, डांबराचा पडावा तसा. चिप त्या थेंबाखाली गाडलेली असते. खाली जोडणीसाठी ६० पट्ट्या. बाकी कवच पोकळ. एवढ्यासाठी मी बाबांच्या मागे महिनाभर लागलो होतो!

त्यांच्याकडे आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डावर बांधलेला कॅसेट-वाचक आहे, सॅनी कार्ट रीडर म्हणतात त्याला. आराखडा नेटवर फुकट, कोणीही बनवावा. कॅसेट खोचली, फाइल निघाली, तिचा सीआरसी नावाचा, फाइलची ओळख पटवणारा आकडा आला. पुन्हा वाचली, आकडा वेगळा. बोर्डवाले म्हणाले, "आपण डाटा नाही वाचत, मळ वाचतोय." मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. पहिला बोळा काळा, दुसरा तपकिरी, पाचवा कुठे पांढरा निघाला. एका पट्टीवर डाग होता, तो शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने घासला. त्यानंतर सलग तीनदा तोच आकडा. त्या वेळी आम्ही दोघेही काही बोललो नाही. वहिनींनी चहा आणला तेव्हा भानावर आलो.

फाइल चालवली तर मेनू आला, पण कुठलाही गेम निवडला की पडदाभर कचरा. म्हणजे डाटा बरोबर, पण कॅसेटीच्या आत पानं पालटायची जी व्यवस्था असते, मॅपर म्हणतात तिला, ती आम्ही इम्युलेटरला चुकीची सांगत होतो. असल्या नकली कॅसेटींचे मॅपरही लोकांनी शोधून, क्रमांक देऊन ठेवलेत. कंपनीचं नाव नाही, कागद नाही, तरी नोंद आहे. सहावा क्रमांक टाकून पाहिला तेव्हा ती मेनूची धून वाजली. ज्यांनी ऐकलीय त्यांना सांगायला नको.

आत काय? आठ गेम. नवव्या क्रमांकापासून तेच आठ, कधी चौथ्या पातळीपासून सुरू, कधी जीव जास्त. टँकचा गेम, रोड फायटर, सर्कस, आणि कॉन्ट्रा तीस जिवांसह. जपानी फॅमिकॉमच्या कॉन्ट्रात कोनामीची व्हीआरसी२ चिप होती, त्यामुळे तिथे झाडं हलतात, बर्फ पडतो, मधे नकाशा दिसतो. अमेरिकी कॅसेटीत हे काही नाही. आमच्या राखाडीत झाडं स्तब्ध. माझ्या आठवणीतही ती स्तब्धच होती, म्हणजे आठवण खरी निघाली.

तो सीआरसी याद्यांमध्ये शोधला. अजून सापडला नाही. बोर्डवाले म्हणतात उड्या मारू नका, मेनूतला एखादा बाइट बदलला तरी आकडा बदलतो. तरीही फाइल, पट्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि आकडा हे सगळं अशा कॅसेटींची नोंद ठेवणाऱ्या मंडळींकडे पाठवलं आहे. बाकी पंधरा पुढच्या रविवारी.

हिशोबी | पुढचा रविवार, रात्री ११:२०

माझ्याकडेही चार आहेत. नाशिकरोडला, बहिणीच्या कपाटात. आणू का?

बोर्डवाला | पुढचा रविवार, रात्री ११:२४

आणा. फुंकू नका.

सातपूरची_सई | पुढचा रविवार, रात्री ११:५१

गण्यादादा, ती राखाडी कॅसेट कदाचित माझ्या मावसभावाची असेल. तो पंचवटीत गणेशवाडीच्या बाजूला राहायचा आणि त्याची एक राखाडी कॅसेट कोणीतरी नेली ती परत आलीच नाही, हे अजून ऐकवतो. मागे ब्लेडने 'र' कोरलाय का बघा.

गण्या_पंचवटीवाला | सोमवार, सकाळी ७:१०

आत्ताच पाहिलं. काहीतरी कोरलंय खरं. 'र' आहे की स्क्रू घसरल्याची रेघ ते कळत नाही. फोटो टाकतो. भाऊंना सांगा, मी नेल्याचं मला तरी आठवत नाही.